प्रयोगशाळेत दही का लावू नये?



काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेले शालेय विज्ञान-प्रदर्शन पाहण्याचा योग आला. नेहमीप्रमाणे धरणाच्या प्रतिकृती होत्या, धूर ओकणारा ज्वालामुखी होता, सूर्यचूल होती. एका टेबलावर मात्र निराळीच वस्तू दिसली. विजेवर चालणारे, दही लावण्याचे छोटे यंत्र! पारदर्शक झाकण, आत काचेच्या पाच बरण्या आणि मागे जीवाणूंची रंगीत चित्रे काढलेला भलामोठा तक्ता. दोन मुलगे आणि एक मुलगी यंत्राची माहिती घडाघडा सांगत होती. मी सहज विचारले, "या यंत्रात तापमान किती असते?"

"बेचाळीस अंश, सर."

"तुम्ही मोजून पाहिलेत का?"

तिघेही एकमेकांकडे पाहू लागली. मग एक मुलगा म्हणाला, "खोक्यातल्या कागदावर तसं छापलंय." मुलगी जरा थांबून हळूच म्हणाली, "आमची आजी करंगळी बुडवून बघते आणि बरोबर सांगते. पण ते इथं सांगायचं नाही असं ठरलं होतं."

त्या मुलीचे शेवटचे वाक्य मला अजून टोचते आहे. छापलेल्या कागदावरचा आकडा म्हणजे विज्ञान आणि आजीची करंगळी म्हणजे अडाणीपणा, हे या मुलांना कोणी शिकवले? माझ्या मते, त्या टेबलावर खरे निरीक्षण केलेली एकच व्यक्ती होती आणि ती प्रदर्शनाला आलेलीच नव्हती! उणीव होती ती एवढीच की, आजीच्या करंगळीला काय कळते ते कोणी तापमापकाने मोजून लिहून ठेवले नव्हते. हे काम तुमचे आहे. ते कसे करायचे आणि शाळेच्या प्रयोगशाळेत ते का व्हायला हवे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

यंत्र करते तरी काय?

पहिली गोष्ट अशी की, दही लावण्याचे यंत्र दही लावत नाही. दही लावतात ते जीवाणू. यंत्र त्यांना फक्त ऊब देते.

दुधात साधारण साडेचार ते पाच टक्के दुग्धशर्करा असते. विरजणातले जीवाणू ही साखर खातात आणि तिच्यापासून दुग्धाम्ल, म्हणजेच लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ऐंशी टक्के प्रथिन केसीन असते. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधात तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युत्‌भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. दुधाची आम्लता वाढत गेली की हा भार नाहीसा होऊ लागतो. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो. तो उतरत उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीनचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे एक नाजूक जाळे बनते आणि पाणी, स्निग्धांश सारे त्या जाळ्यात अडकून बसते. हेच आपले घट्ट, कवडीदार दही. विरजण लावल्यावर भांडे हलवू नका असे आई का बजावते, ते आता कळले ना? अर्धवट विणलेले जाळे धक्क्याने तुटते आणि मग निवळी सुटते.

विरजण लावण्याआधी दूध चांगले तापवतात, त्यालाही कारण आहे. त्यामुळे नको असलेले जीवाणू मरतात, हे तर तुम्हाला माहीत आहेच. पण आणखी एक गोष्ट घडते. दूध ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की निवळीतली प्रथिने उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात. त्यामुळे जाळे अधिक बळकट होते आणि दही घट्ट लागते. हे कारण ठाऊक नसतानाही आपल्या घरांतून दूध उकळूनच विरजण लावले जात होते, हे लक्षात घ्या.

आता उबेकडे वळू. योगर्ट या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या दह्यात मुख्यत्वे दोन जीवाणू असतात. एक दंडाकृती, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि दुसरा गोल मण्यांच्या माळेसारखा, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. दोघांनाही ४० ते ४५ अंश तापमान मानवते. या दोघांची भागीदारी मोठी मजेची आहे. माळेवाला आधी वाढतो आणि दंडाकृतीला हवे असलेले फॉर्मिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड पुरवतो. दंडाकृती दुधातले प्रथिन तोडून माळेवाल्याला ॲमिनो आम्ले पुरवतो. दोघे मिळून जे काम काही तासांत करतात, ते एकेकट्याला लवकर उरकत नाही.

आपल्या घरच्या दह्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते बहुधा खोलीतल्याच तापमानाला लागते. त्यात २५ ते ३० अंशांना सुखाने वाढणारे लॅक्टोकॉकस जातीचे जीवाणूही असतात. प्रत्येक घरच्या विरजणात हे मिश्रण निराळे. म्हणून तर शेजारणीकडचे विरजण आणले की घरच्या दह्याची चव बदलते!

आजीच्या करंगळीचेही रहस्य यातच आहे. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. ४२-४३ अंशांचे दूध बोटाला ऊबदार पण सोसवेल असे लागते. ५० च्या पुढे गेले की बोट आपोआप मागे येते. जे तापमान बोटाला सोसते, तेच या जीवाणूंनाही सोसते. करंगळी हा काही वाईट तापमापक नाही. फक्त तो एका माणसाकडून दुसऱ्याला उसना देता येत नाही.

थोडा इतिहास

आंबट दुधातून दुग्धाम्ल प्रथम वेगळे काढले ते शेले या रसायनशास्त्रज्ञाने, १७८० साली. ते आम्ल सजीवांच्या क्रियेमुळे तयार होते, हे लुई पाश्चरने १८५७ मध्ये मांडले. १९०५ मध्ये जिनिव्हा येथे काम करणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने आपल्या देशातल्या दह्यातला दंडाकृती जीवाणू शोधून काढला.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकोव्ह यांनी असे मत मांडले की, असे आंबवलेले दूध खाल्ल्याने म्हातारपण लांबते. मेचनिकोव्ह हे मोठे शास्त्रज्ञ. रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी १९०८ मध्ये पॉल एर्लिक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या मतामुळे युरोपात दह्याची मोठी हवा झाली. पण दह्याने आयुष्य वाढते हे मत काही सिद्ध झाले नाही. स्वतः मेचनिकोव्ह १९१६ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी वारले. एवढ्याने त्यांचे मत खोटे ठरत नाही, कारण एका माणसाच्या उदाहरणावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. पण नोबेल मिळवलेल्या माणसाच्या मतालाही पुरावा लागतो, हे मात्र यातून शिकायचे. मग खोक्यातल्या कागदाचे काय घेऊन बसलात?

आपली दह्याची पेटी

बाजारातल्या साध्या यंत्रात एक लहानशी विजेची तापपट्टी असते. ती सतत थोडी उष्णता देत राहते आणि यंत्राच्या अंगातून ती बाहेर जात राहते. आवक आणि जावक सारखी झाली की तापमान स्थिर होते. पण ज्या यंत्रात तापनियंत्रक नाही, त्याचे तापमान खोलीच्या हवेवरही अवलंबून राहणार. कोकणातल्या घरात आणि निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे, जेव्हा पारा १० अंशांच्याही खाली उतरतो, एकच यंत्र एकसारखे तापमान कसे ठेवील? म्हणून ते मोजायलाच हवे.

आपण विजेशिवायची पेटी करू. औषधे किंवा बर्फ ठेवण्यासाठी वापरतात तशी थर्मोकोलची झाकणाची पेटी मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास मोठा पत्र्याचा डबा घ्या. त्याच्या तळाशी आणि कडेने लाकडाचा भुसा, वाळलेले गवत किंवा जुन्या गोधडीचे तुकडे दाबून भरा. या सर्वांत हवा अडकून राहते आणि स्थिर हवा ही उष्णतेची दुर्वाहक असते. आजी थंडीत विरजणाचे भांडे तांदळाच्या डब्यात ठेवत असे, त्यामागचे तत्त्व हेच.

पेटीच्या मध्यभागी एक लिटर गरम पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या ठेवा. तो आपला उष्णतेचा साठा. एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना एक किलोकॅलरी उष्णता देते. म्हणजे ५८ अंशांचे पाणी ४३ अंशांवर येईपर्यंत १५ किलोकॅलरी उष्णता पेटीला मिळेल. भोवती दुधाच्या वाट्या मांडा, झाकण लावा आणि वर गोधडी घाला. झाले यंत्र!

आता ते तपासायचे. पहिल्या दिवशी दूध वापरूच नका. वाट्यांत ४३ अंशांचे पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाने तापमान लिहा. आलेख काढा. दुसऱ्या दिवशी तांब्या न ठेवता तेच करा. तिसऱ्या दिवशी भुसा कमी करून पाहा. तापमान सुरुवातीला भराभर आणि पुढे सावकाश उतरते असे दिसेल, कारण पेटी आणि बाहेरची हवा यांच्यातला फरक कमी होत जातो. लहान वाटी मोठ्या भांड्यापेक्षा लवकर निवते, हेही ध्यानात येईल. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १००० घन सेंटिमीटर असते. ५ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे १५० आणि १२५. म्हणजे लहान घनाच्या वाट्याला, आकारमानाच्या हिशेबाने, दुप्पट पृष्ठभाग येतो. उष्णता निसटते ती पृष्ठभागातूनच.

एक सूचना. ताप मोजायचा घरचा तापमापक यासाठी वापरू नका. त्याचा पल्ला तोकडा असतो आणि जुना पाऱ्याचा असेल तर फुटून पारा सांडण्याचा धोका असतो. प्रयोगशाळेतला शंभर अंशांपर्यंतचा, रंगीत अल्कोहोलचा तापमापक घ्या. तोही दुधात बुडवायचे कारण नाही. तेवढ्याच पाण्याची एक जादा वाटी पेटीत ठेवा आणि तिचे तापमान पाहा.

अकरा ते पाच

पेटी पसंत पडली की खरा प्रयोग. एकाच भांड्यातले उकळून ४३ अंशांपर्यंत निववलेले दूध पाच सारख्या वाट्यांत सारखे ओता. पहिल्या वाटीत अर्धा चमचा विरजण घालून ती पेटीत ठेवा. दुसरीत तेवढेच विरजण घाला, पण ती बाहेर टेबलावर ठेवा. तिसरी विरजण घालून बर्फाच्या पाण्यात ठेवा. चौथी विरजण न घालता पेटीत. पाचवी सर्वांत महत्त्वाची. तिच्यात अर्धा चमचा विरजणच घाला, पण ते आधी थोड्या पाण्यात कालवून खळखळ उकळून थंड केलेले असू द्या. पाचवीही पेटीत जाईल.

आता विचार करा. चौथी वाटी सांगेल की ऊब एकटी पुरते की नाही. पाचवी सांगेल की विरजणातला पदार्थ पुरतो, की विरजण जिवंत असावे लागते. पाश्चरचा प्रश्न तुमच्या वाटीत उतरला आहे!

दर तासाला ड्रॉपरने दोन थेंब घेऊन निळ्या लिटमसवर टाका आणि रंग लिहून ठेवा. थेंब घेण्यासाठी प्रत्येकीची एक जोडवाटी ठेवलीत तर मूळ वाटीतले दही मोडणार नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांना आणखी पुढे जाता येईल. १० मिलिलिटर दही पाण्यात कालवून, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करा. प्रत्येक मिलिलिटरमागे ०.००९ ग्रॅम दुग्धाम्ल धरा. ९ मिलिलिटर लागले तर दह्यात सुमारे ०.८ टक्के आम्ल आहे. ताजे दूधही थोडे सोडियम हायड्रॉक्साइड घेते, म्हणून त्याचेही अनुमापन आधी करून ठेवा.

बरेच तास काहीच होत नाही आणि मग दही एकदम लागल्यासारखे वाटते. असे का? जीवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे समजा. सहा तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४०९६. पाच तास झाले तेव्हा ते होते १०२४. म्हणजे चारांतले तीन जीवाणू शेवटच्या एका तासात जन्मले! प्रत्यक्षात आम्ल वाढले की वाढीचा वेग मंदावतो. पण सुरुवातीच्या शांततेचे कारण या गणितात सापडते.

प्रयोगशाळेच्या भांड्यांतले काहीही चाखू नका. खायचे दही घरच्या स्वच्छ भांड्यात निराळे लावा. ते स्टीलच्या, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात असावे. कल्हई नसलेल्या पितळेत दही कळकते, कारण आम्लाची धातूवर क्रिया होते.

काही आक्षेप

आता मला ऐकू येणारे आक्षेप. पहिला असा की, घरी यंत्राशिवाय उत्तम दही लागते, मग हा खटाटोप कशाला? खरे आहे. रोजच्या दह्यासाठी पेटीची गरज नाही, विजेच्या यंत्राची तर त्याहून नाही. पण दही थंडीत का लागले नाही, उन्हाळ्यात आंबटढाण का झाले, याचे उत्तर "हवाच तशी आहे" इतक्यावर थांबते. पेटीमुळे हवा आपल्या हातात येते. एक कारण बदलायचे आणि बाकीची तशीच ठेवायची, ही विज्ञानाची मुख्य युक्ती. ती शिकायला याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. सहा तासांचा प्रयोग पस्तीस मिनिटांच्या तासिकेत कसा बसवायचा? माझे म्हणणे असे की, तो तासिकेत बसवूच नये. पुष्कळ शाळा अकराला भरतात आणि पाचला सुटतात. अकराला विरजण लावा आणि दर तासिकेच्या घंटेला दोघांनी जाऊन नोंद करून यावी. पाचच्या घंटेला निकाल हाती येईल. निसर्गाचे तास शाळेच्या घंटेप्रमाणे वाजत नाहीत, हेही मुलांना एकदा कळू द्या.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. प्रयोग फसला तर? फसू द्या! दही लागले नाही, तर शोध सुरू होईल. विरजण जुने होते का? दूध फार गरम असताना ते घातले का? की जनावराला दिलेल्या प्रतिजैविक औषधाचा अंश दुधात उतरला होता? त्यानेही विरजणातले जीवाणू वाढत नाहीत. आमच्या प्रयोगवह्यांत मात्र सारे प्रयोग यशस्वी झालेले असतात. वर्गातल्या साठ जणांची उत्तरे दशांश चिन्हापर्यंत जुळतात. हे विज्ञान नव्हे, हे शुद्धलेखन झाले. शिक्षकांना माझी विनंती आहे की, या प्रयोगाचे गुण दही घट्ट लागल्याबद्दल देऊ नयेत. प्रामाणिक नोंद आणि तिच्यावरचा विचार यांना द्यावेत. न लागलेल्या दह्याची खरी नोंद ही लागलेल्या दह्याच्या उसन्या नोंदीपेक्षा मोलाची माना.

शेवटी तुमच्यासाठी काही प्रश्न. मिरचीचे देठ टाकले की विरजणाशिवायही दही लागते, असे कित्येक घरांत सांगतात. खरे असेल तर ते मिरचीमुळे की देठावरच्या जीवाणूंमुळे? धुतलेले, न धुतलेले आणि उकळलेले देठ घेऊन वाट्या कशा मांडाल? (हे दूधही चाखायचे नाही.) दुसरे असे की, घरचे विरजण ४३ अंशांच्या पेटीत रोज लावत गेलात आणि त्याच दह्याचे पुढचे विरजण केलेत, तर उबेला सरावलेले जीवाणू पुढे सरसावतील आणि बाकीचे मागे पडतील असा माझा तर्क आहे. महिन्याभराने हे विरजण आणि घरी नेहमीसारखे लावलेले विरजण शेजारी शेजारी, खोलीतल्या तापमानाला लावून पाहा. कोण आधी लागते?

आणि हो, या कामाची सुरुवात पेटीपासून करू नका. आधी घरात जो कोणी विरजण लावतो त्याच्याजवळ जाऊन बसा. आईने, आजीने किंवा बाबांनी दूध "आता झालं" म्हटले की त्याच क्षणी थोडे दूध वाटीत काढून त्यात तापमापक बुडवा आणि आकडा लिहा. असे दहा दिवस करा. दहा आकडे किती जवळजवळ येतात ते पाहा. मुलग्यांनी तर हे जरूर करावे, कारण दही खाणाऱ्यांत ते पुढे असले तरी लावणाऱ्यांत फारसे दिसत नाहीत.

पुढच्या प्रदर्शनात कोणी विचारले, "तापमान किती?" तर तो दहा आकड्यांचा कागद पुढे करा. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत आजीचे नाव लिहायला विसरू नका.